मिराज ४०००

मिराज ४००० हे फ्रान्समधील दसॉ-ब्रेगे या कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केलेले दोन इंजिनांचे, स्वनातीत वेगाचे लढाऊ विमान होते. सुरुवातीच्या काळात ते सुपर मिराज ४००० या नावाने ओळखले जाई. हवाई वर्चस्व, दूरवरच्या हद्दीत शत्रूच्या विमानांना अडवणे आणि जमिनीवरील लक्ष्यांवर खोलवर हल्ला करणे अशी तिन्ही कामे एकाच विमानाने करावीत, या हेतूने त्याची आखणी झाली होती. त्याचा एकच आद्यनमुना तयार झाला. या नमुन्याने ९ मार्च १९७९ रोजी पहिले उड्डाण केले आणि पुढच्याच महिन्यात ध्वनीच्या दुप्पट वेगाची मर्यादा ओलांडली.

उड्डाणचाचण्यांत हे विमान यशस्वी ठरले, तरीही कोणत्याही देशाने ते विकत घेतले नाही. फ्रेंच हवाई दलाने त्याऐवजी एक इंजिनाच्या मिराज २००० या विमानाची निवड आधीच केली होती आणि परदेशी ग्राहक शेवटपर्यंत मिळाला नाही. १९८० च्या दशकात मिराज ४००० चा उपयोग राफाल विमानाच्या विकासकार्यात साहाय्यक विमान म्हणून झाला. जानेवारी १९८८ मध्ये त्याचे उड्डाण थांबले. आज ते पॅरिसजवळील ल बुर्जे येथील हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

## नाव

‘मिराज’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ मृगजळ असा आहे. दसॉ कंपनीने १९५० च्या दशकापासून आपल्या त्रिकोणी पंखांच्या लढाऊ विमानांसाठी हे नाव वापरण्यास सुरुवात केली. पुढे पंखांची रचना बदलली तरी नाव कायम राहिले. मिराज २००० आणि मिराज ४००० या नावांतील आकडे दोन्ही विमानांचे परस्परनाते सूचित करतात. पहिल्यात एक इंजिन आणि दुसऱ्यात त्याच जातीची दोन इंजिने होती.

## पार्श्वभूमी

### मिराज मालिका

मार्सेल दसॉ यांनी स्थापन केलेल्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या लढाऊ विमानांच्या निर्मितीत अग्रस्थान मिळवले. मिराज ३ आणि त्यापासून निघालेल्या मिराज ५ व मिराज ५० या विमानांची मिळून सुमारे १,४०० विमाने तयार झाली आणि अनेक देशांनी ती विकत घेतली. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलच्या मिराज ३ विमानांनी केलेल्या कामगिरीमुळे या मालिकेची कीर्ती सर्वत्र पसरली.

मिराज ३ च्या त्रिकोणी पंखांना मात्र मर्यादा होत्या. विमान उतरताना त्याचा वेग फार जास्त ठेवावा लागे, त्यामुळे लांब धावपट्टी लागे. तसेच झटपट वळणे घेताना वेग लवकर कमी होई. म्हणून दसॉने मिराज एफ१ या पुढच्या विमानात त्रिकोणी पंख सोडून मागे झुकलेले पंख आणि स्वतंत्र आडवी शेपटी स्वीकारली. मिराज एफ१ चे पहिले उड्डाण २३ डिसेंबर १९६६ रोजी झाले.

### मिराज जी८ आणि ‘भावी लढाऊ विमान’

याच काळात फ्रान्समध्ये उड्डाणादरम्यान पुढे-मागे वळवता येणाऱ्या पंखांच्या विमानांवरही काम चालू होते. मिराज जी हे अशा प्रकारचे विमान १९६७ मध्ये उडाले. त्यापासून विकसित झालेले दोन इंजिनांचे मिराज जी८ हे विमान मे १९७१ मध्ये प्रथम उडाले आणि जुलै १९७३ मध्ये त्याने मॅक २.३४ इतका वेग गाठला. वळते पंख तांत्रिकदृष्ट्या यशस्वी असले, तरी ते जड, गुंतागुंतीचे आणि महाग होते. त्यामुळे हा मार्ग सोडून देण्यात आला.

त्यानंतर फ्रेंच हवाई दलासाठी ‘भावी लढाऊ विमान’ या नावाने एक नवा प्रकल्प आखला गेला. मागे झुकलेले स्थिर पंख आणि स्नेक्मा कंपनीची दोन एम५३ इंजिने असलेले हे मोठे विमान होते. त्याच्या पहिल्या नमुन्याचे कामही सुरू झाले होते. परंतु ऑक्टोबर १९७३ मधील तेलसंकटानंतर फ्रान्सची अर्थव्यवस्था अडचणीत आली आणि मोठ्या संख्येने असे विमान विकत घेणे परवडणार नाही, असे स्पष्ट होऊ लागले.

### १९७५ मधील निर्णय

१९७५ हे वर्ष दसॉ कंपनीला दोन कारणांनी कठीण गेले. जूनमध्ये बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्क आणि नॉर्वे या चार देशांनी एकत्रितपणे अमेरिकेच्या एफ-१६ या विमानाची निवड केली. या स्पर्धेत दसॉने एम५३ इंजिन बसवलेले मिराज एफ१ उतरवले होते. चार देशांची एकत्र मागणी असल्याने या व्यवहाराला वृत्तपत्रांनी ‘शतकातील सौदा’ म्हटले होते. तो हातचा गेल्याने युरोपातील मोठी बाजारपेठ कंपनीला बंद झाली.

त्यानंतर १८ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण परिषदेने ‘भावी लढाऊ विमान’ प्रकल्प रद्द केला. त्याच्या जागी लहान, तुलनेने स्वस्त आणि एक इंजिनाचे विमान निवडले गेले. हेच पुढचे मिराज २००० होय.

## स्वखर्चाने विकास

सरकारने मोठे विमान नाकारल्यानंतर दसॉने लगेचच दोन इंजिनांचे, त्रिकोणी पंखांचे एक मोठे विमान आपल्या जोखमीवर बांधण्याचे जाहीर केले. इंजिन आणि इतर यंत्रणा पुरवणाऱ्या कंपन्याही या प्रयत्नात सहभागी होत्या. फ्रेंच हवाई दलाकडून कोणतीही मागणी नोंदवलेली नव्हती. एवढ्या मोठ्या लढाऊ विमानाचा विकास सरकारी मागणीवाचून सुरू करणे ही त्या काळीही असाधारण गोष्ट होती.

या निर्णयामागे तीन अपेक्षा होत्या:

* तेलाच्या वाढत्या किमतींमुळे श्रीमंत झालेले पश्चिम आशियातील देश अमेरिकेवर पूर्णपणे अवलंबून राहू इच्छित नसल्यास त्यांना एफ-१५ च्या तोडीचा दुसरा पर्याय हवा असेल.
* मिराज २००० साठी इंजिन, पंखांची रचना आणि नियंत्रणप्रणाली तशीही तयार होत होती. तेच तंत्रज्ञान मोठ्या विमानात वापरल्यास विकासाचा खर्च बराच कमी होईल.
* प्रत्यक्ष उडणारे विमान पाहिल्यावर फ्रेंच हवाई दल स्वतःचा निर्णय बदलेल आणि मिराज २००० च्या जोडीला थोड्या संख्येने का होईना, पण मिराज ४००० विकत घेईल.

यांपैकी दुसरी अपेक्षा पूर्णपणे खरी ठरली. मिराज २००० ने १० मार्च १९७८ रोजी पहिले उड्डाण केले आणि त्यानंतर वर्ष पूर्ण होण्यास एक दिवस बाकी असताना मिराज ४००० हवेत झेपावले. पहिल्या व तिसऱ्या अपेक्षेवर मात्र प्रकल्पाचे भवितव्य अवलंबून होते आणि त्या दोन्ही फोल ठरल्या.

## रचना

### त्रिकोणी पंख आणि संगणकीय नियंत्रण

मिराज एफ१ मध्ये सोडून दिलेले त्रिकोणी पंख दसॉने मिराज २००० आणि मिराज ४००० मध्ये पुन्हा स्वीकारले. मधल्या काळात नियंत्रणतंत्रात झालेली प्रगती हे त्याचे कारण होते.

जुन्या मिराज ३ सारख्या विमानांत गुरुत्वमध्य हा पंखांच्या उचलशक्तीच्या केंद्राच्या पुढे ठेवलेला असे. अशी मांडणी स्थिर असते, म्हणजे वाऱ्याच्या झोताने विमान हलले तरी ते आपोआप मूळ स्थितीकडे येते. पण या मांडणीत विमानाचे नाक सतत खाली झुकू पाहते. नाक वर ठेवण्यासाठी पंखांच्या मागच्या कडेवरील हलत्या पट्ट्या वर उचलाव्या लागतात. त्यामुळे विमानाचा मागचा भाग खाली दाबला जातो आणि पंखांनी निर्माण केलेल्या उचलशक्तीचा काही भाग वाया जातो. उतरताना जास्त वेग आणि वळताना वेगाची घट हे दोन्ही दोष यातूनच उद्भवत.

गुरुत्वमध्य मागे सरकवल्यास हा तोटा टळतो. मग त्याच पट्ट्या खाली वळवता येतात आणि त्या उचलशक्ती कमी करण्याऐवजी वाढवतात. परंतु असे विमान स्वभावतः अस्थिर असते. किंचित धक्का लागला तरी त्याचे नाक अधिकाधिक वर किंवा खाली जाऊ लागते आणि मानवी वैमानिकाला सतत इतक्या जलद दुरुस्त्या करणे शक्य नसते. हे काम ‘फ्लाय-बाय-वायर’ प्रणाली करते. या प्रणालीत वैमानिकाची दांडी आणि पंखांच्या पट्ट्या यांच्यात यांत्रिक जोडणी नसते. दांडीची हालचाल विद्युत संकेतांच्या रूपाने संगणकाकडे जाते. विमानाचा वेग, कोन आणि हालचाल मोजून संगणक प्रत्येक क्षणी पट्ट्यांची योग्य स्थिती ठरवतो. अशा प्रकारे अस्थिर विमानही वैमानिकाला स्थिर आणि आज्ञाधारक वाटते.

### अग्रपंख

मिराज ४००० च्या हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या वरच्या बाजूला, मुख्य पंखांच्या पुढे, दोन लहान अग्रपंख बसवलेले होते. त्यांना ‘कॅनार्ड’ असेही म्हणतात. मिराज २००० मध्ये याच जागी केवळ लहान, स्थिर पट्ट्या आहेत. मिराज ४००० च्या अग्रपंखांचा कोन मात्र बदलता येत असे. विमानाचे नाक बरेच वर असताना हे अग्रपंख मुख्य पंखांवरून जाणारा हवेचा प्रवाह सुरळीत ठेवण्यास मदत करतात, त्यामुळे कमी वेगातही विमान नियंत्रणात राहते. त्रिकोणी पंख आणि त्यांच्या अगदी जवळ, किंचित वर बसवलेले अग्रपंख ही मांडणी पुढे राफालमध्ये अधिक विकसित रूपात दिसते.

### इंजिने

विमानाला स्नेक्मा कंपनीची दोन एम५३ इंजिने बसवली होती. आफ्टरबर्नर चालू असताना सुरुवातीच्या एम५३-२ प्रकारच्या प्रत्येक इंजिनाचा जोर सुमारे ८३ किलोन्यूटन होता. पुढे या इंजिनाचे अधिक शक्तिशाली प्रकार आले. त्यांपैकी एम५३-पी२ या प्रकाराचा जोर सुमारे ९५ किलोन्यूटन आहे. एम५३ ची अंतर्गत रचना साधी असून त्याला देखभाल कमी लागते. परंतु समकालीन एफ-१५ मधील प्रत्येक इंजिनाचा जोर सुमारे १०६ किलोन्यूटन होता, म्हणजे शक्तीच्या बाबतीत फ्रेंच इंजिन काहीसे मागे होते. ही उणीव दसॉने हलक्या बांधणीने भरून काढण्याचा प्रयत्न केला.

### संमिश्र पदार्थ आणि इंधन

वजन कमी ठेवण्यासाठी मिराज ४००० मध्ये कार्बन तंतूंपासून बनवलेल्या संमिश्र पदार्थांचा मोठ्या प्रमाणावर वापर केला गेला. त्याची उभी शेपटी कार्बन तंतूंची असून तिच्या पोकळीत इंधन साठवण्याची सोय होती. मोठ्या पंखांमुळे आणि रुंद शरीरामुळे विमानात मिराज २००० च्या सुमारे तिप्पट इंधन मावत असे. त्यामुळे इंधनाच्या जादा टाक्या न लावताही ते दीर्घकाळ हवेत राहू शकत असे. या गुणामुळेच पुढे ते साहाय्यक विमान म्हणून उपयोगी पडले.

### शस्त्रे

नियोजनानुसार विमानावर ३० मिलिमीटरच्या दोन तोफा आणि बाहेरच्या बाजूला क्षेपणास्त्रे, बॉम्ब किंवा इंधनाच्या टाक्या लावण्यासाठी ११ जागा होत्या. बाहेरून वाहून नेण्याचा भार ८,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक असावा अशी योजना होती. नाकाचा भाग मोठा असल्याने त्यात मिराज २००० पेक्षा मोठी रडार-थाळी बसू शकली असती. थाळी मोठी असेल तर तीच शक्ती वापरून रडार अधिक दूरचे लक्ष्य पाहू शकते. लांब पल्ल्याच्या हवाई संरक्षणासाठी हा मोठाच फायदा होता.

## उड्डाणचाचण्या

९ मार्च १९७९ रोजी दक्षिण फ्रान्समधील इस्त्र येथील चाचणी-तळावरून चाचणी वैमानिक झाँ-मारी साजे यांनी मिराज ४००० चे पहिले उड्डाण केले. नव्या विमानाचे पहिले उड्डाण सहसा कमी वेगात आणि सावधपणे केले जाते. मिराज ४००० ने मात्र पहिल्याच उड्डाणात मॅक १.२ चा वेग गाठला. ११ एप्रिल रोजी, सहाव्या उड्डाणात, त्याने मॅक २.०४ पर्यंत मजल मारली. मिराज २००० च्या चाचण्यांतून नियंत्रणप्रणालीचा आणि पंखांचा अनुभव आधीच मिळालेला असल्यामुळे ही गती शक्य झाली.

त्याच वर्षी जूनमध्ये ल बुर्जे येथील पॅरिस विमानप्रदर्शनात हे विमान लोकांसमोर आले. एवढ्या आकाराचे विमान कमी वेगात, नाक उंच ठेवून संथपणे उडू शकते आणि लगेच सरळ वर चढू शकते, हे या प्रकारच्या प्रात्यक्षिकांतून दिसून आले. कमी इंधन आणि हलका भार असताना दोन्ही इंजिनांचा एकत्रित जोर विमानाच्या वजनापेक्षा जास्त होत असे, म्हणूनच अशी चढाई शक्य होती.

एकूण आयुष्यात या एकमेव नमुन्याने तीनशेहून अधिक उड्डाणे केली.

## ग्राहकांचा शोध

### फ्रेंच हवाई दल

फ्रेंच हवाई दलाला जुनी झालेली मिराज ३ आणि इतर विमाने बदलायची होती आणि त्यासाठी संख्येची गरज होती. लढाऊ विमानाची किंमत साधारणपणे त्याच्या वजनाबरोबर वाढते. दोन इंजिने म्हणजे खरेदीचा, इंधनाचा आणि देखभालीचाही खर्च जवळजवळ दुप्पट. एका मिराज ४००० च्या खर्चात हवाई दलाला कितीतरी अधिक प्रमाणात मिराज २००० मिळू शकत होती. शिवाय फ्रान्सच्या संरक्षण अंदाजपत्रकातील मोठा वाटा अण्वस्त्रांवर खर्च होत असे. त्यामुळे विमानाचे गुण मान्य करूनही सरकारने मागणी नोंदवली नाही.

### इराण

१९७० च्या दशकात इराणच्या शाहांनी अमेरिकेकडून ८० एफ-१४ विमाने मागवली होती. मोठी आणि महागडी लढाऊ विमाने विकत घेण्याची इच्छा आणि पैसा दोन्ही असलेला तो देश होता. परंतु जानेवारी १९७९ मध्ये शाह देश सोडून गेले आणि ११ फेब्रुवारी रोजी इराणमधील क्रांती यशस्वी झाली. मिराज ४००० चे पहिले उड्डाण त्यानंतर चार आठवड्यांच्या आत झाले. विमान हवेत जाण्यापूर्वीच अशा प्रकारे एक संभाव्य बाजारपेठ नाहीशी झाली होती.

### सौदी अरेबिया

सौदी अरेबिया हा सर्वांत महत्त्वाचा संभाव्य ग्राहक मानला जात होता. मात्र मे १९७८ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने सौदी अरेबियाला ६० एफ-१५ विमाने विकण्यास मान्यता दिली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ती विमाने तेथे पोहोचू लागली. ज्या विमानाला पर्याय म्हणून मिराज ४००० बांधले गेले, तेच विमान ग्राहकाला मिळाले होते.

पुढे अमेरिकेने आणखी एफ-१५ देण्यास विलंब लावल्यावर सौदी अरेबियाने युरोपकडे पाहिले, तेव्हा फ्रान्सच्या आशा पुन्हा जागृत झाल्या. परंतु सप्टेंबर १९८५ मध्ये सौदी सरकारने ब्रिटनशी ‘अल-यमामाह’ म्हणून ओळखला जाणारा करार करून टोर्नेडो विमाने निवडली. त्यानंतर १९८६ मध्ये तेलाच्या किमती कोसळल्या आणि अशा खरेदीची शक्यता आणखी मावळली.

### परदेशी ग्राहक न मिळण्याचे मूळ कारण

परदेशी हवाई दले सहसा असे विमान घेणे टाळतात, जे ते तयार करणाऱ्या देशाचेच हवाई दल वापरत नाही. लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षे सेवेत राहते. या काळात सुटे भाग, नवी शस्त्रे, रडारमधील सुधारणा आणि वैमानिकांचे प्रशिक्षण यांची अखंड गरज असते. मूळ देशाचे हवाई दल तेच विमान वापरत असेल, तर या सुधारणांचा खर्च वाटला जातो आणि पुरवठ्याची खात्रीही राहते. तसे नसेल तर पहिल्या परदेशी ग्राहकाला सर्व भार एकट्याने उचलावा लागतो. मिराज ४००० च्या बाबतीत फ्रेंच हवाई दल परदेशी मागणीची वाट पाहत होते आणि परदेशी ग्राहक फ्रेंच हवाई दलाची. दोघांपैकी कोणीही पहिले पाऊल टाकले नाही.

## राफालच्या विकासातील सहभाग

विक्रीची आशा मावळू लागल्यावर विमान काही काळ वापराविना राहिले. १९८५ मध्ये फ्रान्सने ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि स्पेन यांच्याबरोबरच्या संयुक्त लढाऊ विमानाच्या प्रकल्पातून बाहेर पडून स्वतःचे विमान तयार करण्याचा मार्ग निवडला. त्या विमानाच्या तंत्रज्ञानाची चाचणी घेण्यासाठी बांधलेले राफाल ए हे विमान ४ जुलै १९८६ रोजी प्रथम उडाले.

या टप्प्यावर मिराज ४००० पुन्हा उड्डाणयोग्य करण्यात आले. त्याच्याकडे दोन कामे आली. चाचणीच्या वेळी राफालच्या बाजूने उडून त्याचे निरीक्षण करणे हे पहिले काम होते. यासाठी वेगवान आणि भरपूर इंधन असलेले विमान हवे असते. त्रिकोणी पंख आणि अग्रपंख असलेले विमान खवळलेल्या हवेत कसे वागते, याचा अभ्यास करणे हे दुसरे काम होते. या काळात त्याच्या नावातील ‘सुपर’ हा शब्द गळून केवळ ‘मिराज ४०००’ हे नाव रूढ झाले. जानेवारी १९८८ मध्ये ते निवृत्त झाले.

## इतर विमानांशी तुलना

मिराज ४००० ची तुलना प्रामुख्याने अमेरिकेच्या एफ-१५ शी केली जाते. एफ-१५ ची लांबी सुमारे १९.४ मीटर आणि मिराज ४००० ची १८.७ मीटर होती. पंखांचे क्षेत्रफळ मात्र एफ-१५ मध्ये ५६.५ चौरस मीटर, तर मिराज ४००० मध्ये ७३ चौरस मीटर होते. पंख मोठे असल्याने प्रत्येक चौरस मीटरवर येणारा भार कमी होता. फ्रेंच विमानात फ्लाय-बाय-वायर प्रणाली आणि संमिश्र पदार्थ यांचा वापर अधिक आधुनिक होता, कारण एफ-१५ चे पहिले उड्डाण त्याच्या जवळजवळ सात वर्षे आधी, जुलै १९७२ मध्ये झाले होते. एफ-१५ ची बाजू इंजिनाच्या शक्तीत वरचढ होती. शिवाय ते सेवेत दाखल झालेले, शस्त्रे व रडार यांसह पूर्णपणे सिद्ध झालेले विमान होते. मिराज ४००० चे युद्धक्षमतेविषयीचे दावे मात्र नियोजनाच्या पातळीवरच राहिले.

फ्रान्समध्ये सेवेत न आलेल्या लढाऊ विमानांची मोठी परंपरा आहे. साध्या जेट इंजिनाला रॅमजेटची जोड दिलेल्या नॉर ग्रिफों २ या विमानाने १९५९ मध्ये मॅक २.१९ चा वेग गाठला होता. सरळ वर उडण्यासाठी आठ स्वतंत्र लहान इंजिने बसवलेल्या मिराज ३-व्ही ने १९६६ मध्ये मॅक २ ओलांडला. वळत्या पंखांचे मिराज जी८ हेही याच यादीत येते. या तिन्ही विमानांचे तंत्रज्ञान रोजच्या लष्करी वापरासाठी फार अवघड किंवा खर्चिक ठरले. मिराज ४००० चे तसे नव्हते. त्याचे इंजिन, पंख आणि नियंत्रणप्रणाली यांची जवळची रूपे मिराज २००० मध्ये अनेक दशके वापरात राहिली. तांत्रिक कारणांपेक्षा आर्थिक आणि राजकीय परिस्थितीमुळे मागे पडलेले विमान म्हणून त्याचे स्थान वेगळे आहे.

## वारसा

मिराज २००० ची सुमारे ६०० विमाने तयार झाली. मिराज ४००० साठी केलेल्या कामातील अग्रपंख, दोन इंजिने आणि संमिश्र पदार्थांचा अनुभव राफालच्या उपयोगी पडला. आकाराच्या बाबतीत मात्र दसॉने वेगळा धडा घेतला. राफालची लांबी सुमारे १५.३ मीटर असून ते मिराज ४००० पेक्षा बरेच लहान व हलके आहे. त्याला नव्याने विकसित केलेली लहान एम८८ इंजिने बसवली आहेत. मुख्य म्हणजे राफालच्या मागे प्रारंभापासून फ्रेंच हवाई दल आणि नौदल या दोघांची गरज उभी होती.

या मालिकेचा भारताशी जवळचा संबंध आहे. भारताने १९८२ मध्ये मिराज २००० विमानांसाठी करार केला आणि १९८५ पासून ती ग्वाल्हेर येथील तळावर दाखल झाली. भारतीय हवाई दलात त्यांना ‘वज्र’ असे नाव देण्यात आले आणि १९९९ च्या कारगिल युद्धात त्यांनी महत्त्वाची भूमिका बजावली. २०१६ मध्ये भारताने ३६ राफाल विमानांसाठी करार केला. त्यांपैकी पहिली पाच विमाने २९ जुलै २०२० रोजी अंबाला येथे उतरली. भारतीय हवाई दलातील या दोन विमानप्रकारांच्या मधला, स्वतः सेवेत न आलेला दुवा म्हणून मिराज ४००० कडे पाहता येते.

## तांत्रिक माहिती

* प्रकार: बहुउद्देशीय लढाऊ विमान, आद्यनमुना
* निर्माता: दसॉ-ब्रेगे, फ्रान्स
* पहिले उड्डाण: ९ मार्च १९७९
* तयार झालेली विमाने: १
* वैमानिक: १
* लांबी: १८.७ मीटर
* पंखविस्तार: १२ मीटर
* पंखांचे क्षेत्रफळ: ७३ चौरस मीटर
* रिकामे वजन: सुमारे १३,००० किलोग्रॅम
* उड्डाणसमयीचे कमाल वजन: सुमारे ३२,००० किलोग्रॅम
* इंजिने: स्नेक्मा एम५३ टर्बोफॅन, २
* कमाल वेग: मॅक २ पेक्षा अधिक
* सद्यस्थिती: संग्रहालयात जतन

## हेही पाहा

* मिराज २०००
* राफाल
* मिराज ३
* एफ-१५ ईगल
* भारतीय हवाई दल